डाव्या अंगाचं झाकण

तोंडात कापसाचे बोळे धरून बसलेला पेशंट सहसा बोलत नाही. खराडे काका बोलले. त्यांचे खालचे शेवटचे तीन दात मी नुकतेच काढले होते, अर्धा तास तोंड मिटून बसा म्हणून बजावलं होतं, आणि हात धुऊन वळते तर हा गृहस्थ खुर्चीतून उठून माझ्या काचेच्या कपाटासमोर उभा! कपाटात माझी सात विमानं ओळीनं मांडलेली होती.

"ह्ये कदी उडलंच न्हाई," कापसाआडून आवाज आला.

"काका, बोलू नका. रक्त थांबायचं नाही."

त्यांनी कापूस जिभेनं गालात सरकवला आणि तिसऱ्या विमानाकडे बोट केलं. "हंटर हाय. रंग बराबर. नंबर बराबर. पन उडलेलं न्हाई."

"प्लास्टिकचं आहे ते. उडणार कसं?"

"तसं न्हवं, बाई," ते म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन शहाण्यासारखे तोंड मिटून बसले.

मला ते फार लागलं. त्याला कारण होतं.

ही गोष्ट २००९ सालची. मी एकतीस वर्षांची होते आणि मिरजेत स्टेशन रोडला माझा दाताचा दवाखाना होता. दुपारी एक ते चार तो बंद असायचा. त्या तीन तासांत लोक झोपतात; मी विमानं बांधायची. खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची, फूटभर लांबीची. बाहेरून मागवलेल्या खोक्यात प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले शंभरेक सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, फटी बुजवायच्या आणि मग रंगवायचे. दाताच्या डॉक्टरला हा छंद फार सोयीचा. घासणं आणि बुजवणं हे तर पोटापाण्याचंच काम. दात तपासायच्या काट्यानं पत्र्याच्या सांध्यांच्या रेघा झकास ओढता येतात, डोळ्यांवर भिंग असतंच, आणि दवाखान्याच्या कॉम्प्रेसरला रंगाची पिचकारी जोडली की झालं. माझी मदतनीस रुक्साना म्हणायची, "मॅडम, विमानाला तेवढी भूल द्यायची राहिली."

पुण्यात दर डिसेंबरला अशा छोट्या विमानांचं प्रदर्शन भरायचं. आदल्या वर्षी मी तिथं एक विमान नेलं होतं. चार महिने खपून केलेलं, कुठं केसाएवढी फट नाही, रंगाचा एक ओघळ नाही. परीक्षकांनी कागदावर एकच ओळ लिहिली होती: 'काम निर्दोष. खेळणं वाटतं.' तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवला होता, आणि आता बेडगच्या एका शेतकऱ्यानं तोंडात कापूस धरून तेच सांगितलं होतं.

अर्ध्या तासानं मी कापूस काढला आणि विचारलं, "मग उडलेलं विमान कसं दिसतं?"

म्हातारा खुलला. शेतकरी तो नंतरचा. आधी वीस वर्षं जोतिराम खराडे हवाई दलात फिटर होते. विमानाचा सांगाडा, पत्रे, चाकं, झाकणं हे सगळं त्यांच्याकडे. त्यातली आठ वर्षं हंटर या लढाऊ विमानावर.

"वैमानिक बूट घालून चढतोय का न्हाई? मग बूट पडतोय तिथला रंग झिजाय नको? तोफा उडल्या की नाकाखाली काजळी धरतीया. आन तेल. त्ये खाली वघळत न्हाई, बाई. मागं पळतंय. वारा कुठनं कुठं जातोय ते आधी बगा, मग डाग काढा."

टाके काढायला आले त्या दिवशी ते मुद्दाम पाऊण वाजता आले आणि चारपर्यंत हलले नाहीत. पुढं कवळीची मापं घ्यायला, बसवून बघायला, मग घासून बेताची करायला असे ते येत राहिले. कवळी पूर्ण झाली तरी येणं थांबलं नाही. बेडगची एसटी साडेबाराला यायची. रुक्साना दोन चहा सांगायची.

पहिल्यांदा मी अतीच केलं. जुन्या हंटरवर काजळी फासली, तेलाचे डाग पाडले, चाकांना चिखल लावला आणि कौतुकाच्या अपेक्षेनं त्यांच्यापुढं धरलं. काका भडकलेच.

"आमी काय इमान उकिरड्यात ठेवत हुतो व्हय? रोज पुसायचो. अंगाला साबण लावायचो न्हाई इतकं इमान धुवायचो!"

"तुम्हीच म्हणालात ना डाग हवेत म्हणून?"

"डाग पायजेत. पन पुसलेलं पायजेत. पुसून पुसून जेवडा ऱ्हातोय, तेवडाच दावायचा."

मी रंग खरवडून पुन्हा सुरुवात केली. आजही नव्या माणसाला शिकवताना मी हेच सांगते, पण माझं म्हणून सांगत नाही.

ऑगस्टच्या सुमाराला एक दिवस ते म्हणाले, "बाई, माज्यासाठी एक कराल? ठराविक एकच इमान. त्येच्यावर मी हुतो. मी सांगीन तसं, त्या दिवशी सकाळी हुतं तसं."

"कुठल्या दिवशी?"

"हुता एक. चौऱ्याहत्तर सालातला. मी बोलतो, तुमी रंगवा."

मला तर हवंच होतं. ज्यानं ते विमान स्वतःच्या हातानं पुसलंय असा माणूस शेजारी बसून डाग-डाग सांगणार! डिसेंबरच्या प्रदर्शनाचा फॉर्म मी त्याच आठवड्यात भरून टाकला.

आम्ही विमान बांधायला घेतलं. मी बांधायची, काका माझ्या उजव्या हाताच्या स्टुलावर बसून सांगायचे. उजव्या पंखाच्या टोकाला ठिगळ होतं, त्याचा हिरवा इतर हिरव्याहून थोडा पोपटी. मागच्या चाकांपैकी एक नवं, एक गुळगुळीत. शेपटीवरच्या आकड्यातला सात थोडा तिरका, कारण रंगाऱ्याला त्या दिवशी ताप होता.

सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते गुप्ते साहेबांबद्दल. फ्लाइट लेफ्टनंट सुधन्वा गुप्ते, ठाण्याचे. उत्तरेकडच्या त्यांच्या तळावर मराठी माणसं दोनच, एक साहेब आणि एक हे. चारचौघांत साहेब इंग्रजी-हिंदी बोलायचे, पण शिडी चढून कॉकपिटमध्ये बसले आणि काका पट्टे आवळायला वाकले की हळूच मराठी सुरू व्हायची.

"'जोतिबा, आवळ नीट, मागच्या वेळी पोटात वारा गेला,' म्हनायचे. लई उंच माणूस. पाय दुमडून बसाय लागायचं. घरनं त्येंना मेतकूट यायचं, त्यातलं निम्मं पुडीत बांधून मला. आमच्याकडं कुठलं मेतकूट? मी बायकोला पत्रात लिवलं, हितं साहेब लोक पिवळी भुकटी खात्यात आन ती बेस लागतीया."

मी हसले की ते आणखी सांगायचे. कुणी फार प्रेमानं सांगायला लागलं की आपण शेवट विचारत नाही. मीही विचारला नाही.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. विमान जवळजवळ झालं होतं. उजवी बाजू, पाठ, पंख, शेपूट सगळं रंगून तयार. डाव्या अंगाला नाकाजवळ तेवढं काम उरलं होतं. तिथं एक लहानसं चौकोनी झाकण असतं, चार स्क्रूंचं. असली झाकणं आम्ही हौशी लोक कधीकधी उघडी दाखवतो. आतली यंत्रं दिसतात, बघणाऱ्याला मजा वाटते.

मी ब्रश रंगात बुडवून सहज विचारलं, "काका, हे झाकण कसं दाखवू? उघडं की बंद?"

मान वळवून पाहिलं तर काका हातातल्या कपाकडे बघत होते.

"उघडं होतं का?"

"म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "पस्तीस वर्सं झाली बाई, तेच म्हाईत न्हाई."

मी ब्रश खाली ठेवला.

"त्या दिवशी साहेब गेले ते आलेच न्हाईत," काका म्हणाले. "धावपट्टी सोडली, दोन मिनिटं झाली, आन पलीकडल्या शेतात..." त्यांनी कप स्टुलाखाली ठेवला. "सकाळी ते झाकण मी उघडलं हुतं. आत एक जोड बघायचा हुता. बघितला. तेवड्यात टपालवाला तार घेऊन आला. गावाकडची. पोरगी झाली म्हनून. पयलीच पोरगी. माजं डोकं ठिकाणावर न्हाई ऱ्हायलं. त्येच्यानंतरचं मला आठवतंय ते एकदम शिडीवर. साहेबांचं पट्टं आवळताना. मधलं काय बी आठवत न्हाई. झाकण लावलं का न्हाई, आठवत न्हाई."

"पण झाकण एवढंसं. त्यानं विमान कसं पडेल?"

"नाकाजवळचं झाकण उडालं की मागंच जातंय. मागं काय हाय? हवा वडून घेणारं इंजनाचं तोंड. पत्रा आत गेला की संपलं."

"चौकशी झाली असेल ना?"

"झाली की. पक्षी आत गेला असं निघालं. पिसं मिळाली म्हणं. मलाबी इचारलं, झाकणं समदी लावलेली? मी म्हनलं, लावलेली. कागदावर सही बी हुती माजी. पन सही तर आमी समदं झाल्यावर एकदमच करायचो, हाताला सवयच." त्यांनी पंचा गळ्याभोवती ओढून घेतला. "त्या पोरीचा, छायाचा वाढदिवस मी कदी करू दिला न्हाई. बायको अजून म्हनतीया, पोरगी झाली म्हनून ह्येंचं तोंड वाकडं. तसं न्हवतं. कुणाला सांगनार?"

बाहेर रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. पक्षीच असेल काका, तुमची चूक नसेल काका, असलं म्हणणं सोपं होतं, पण ते त्यांनी स्वतःला हजारदा म्हणून बघितलं असणार. ब्रशावरचा रंग वाळत चालला होता. मग मला रोज जे विचारायची सवय होती तेच मी विचारलं.

"स्क्रू कसे रंगवू? चारी एकसारखे?"

काका वैतागले. "एकसारखे कशे असतील? वरचे दोन जुने, काळे पडलेले. खालचा एक नवा, आदल्या दिवशी स्टोरमधनं आणलेला, चकचकीत. आन चौथा..."

त्यांचा उजवा हात मांडीवर होता. तो हळूहळू वळायला लागला, काहीतरी पिळत असल्यासारखा.

"चौथा?" मी विचारलं.

"चौथ्याला स्क्रूड्रायव्हर घसरला. पत्र्यावर ओरखडा पडला. हिरव्यातनं पांढरं ॲल्युमिनियम दिसाय लागलं. मी थुंकी लावून पुसलं. म्हनलं साहेबांच्या नजरंला पडंल... उतरल्यावर रंग लावू."

"घसरला कधी? झाकण काढताना की लावताना?"

"ते कसं..." त्यांनी डोळे मिटले. त्यांचा डावा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. "वाकलो तवा खिशात टोचलं. तारेचा कागद. घडी घालून खिशात ठिवला हुता, त्येचं टोक. टोचलं म्हनून हात हलला, म्हनून घसरला."

"म्हणजे तार आधी आली होती."

"तार आधी आली हुती," काका म्हणाले.

"आणि मग तुम्ही चौथा स्क्रू पिळत होता. म्हणजे लावताना."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे न बघता विमानाकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा असा काही वेडावाकडा झाला की मला वाटलं काही त्रास होतोय. मी उठले तसं त्यांनी हातानं मला बस म्हणून खुणावलं. रुक्साना दारात येऊन उभी राहिली होती, ती परत गेली. काका रडले ते आवाज न करता, बराच वेळ. गळ्यातल्या पंच्यानं त्यांनी तोंड पुसलं.

"द्या हिकडं," ते म्हणाले. "ओरखडा मी वडतो."

मी चार स्क्रू रंगवले. वरचे दोन काळे, खालचा एक चमकता, चौथा मळकट. मग दात तपासायचा काटा त्यांच्या हातात दिला आणि भिंग त्यांच्या डोळ्यांवर चढवलं. त्यांनी काटा पत्र्याला टेकवला. चौथ्या स्क्रूखाली त्यांनी केसभर रेघ ओढली, हिरवा रंग निघाला आणि खालचा रुपेरी दिसायला लागला.

मी त्यांना तेव्हा एक गोष्ट सांगितली नाही. मी डॉक्टर आहे, आठवण कशी असते हे मला थोडंफार माहीत आहे. पस्तीस वर्षांनी, कुणीतरी नेमकं विचारल्यावर, माणसाला हवं ते आठवू शकतं. पण खिशात टोचलेलं तारेचं टोक मी विचारलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनी आणलं होतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, आजही ठेवते.

दोन दिवसांनी ते परत आले, या वेळी इस्त्रीचा सदरा घालून.

"बाई, इमान द्याल?"

"तुमचंच आहे की. प्रदर्शन झालं की लगेच..."

"आत्ता पायजे. साहेबांचा भाऊ ठाण्याला हाय. विद्याधर. पत्ता पस्तीस वर्सं पाकिटात हाय माज्या. साहेब गेल्यावर जायला पायजे हुतं, गेलो न्हाई. कुठल्या तोंडानं जानार? आता जातो."

प्रदर्शन तीन आठवड्यांवर होतं. इतकं चांगलं विमान मी आधी कधी केलं नव्हतं, आणि पुन्हा होईल याची खात्री नव्हती. खोटं कशाला सांगू, मी म्हणून गेले, "काका, तीनच आठवडे." ते नुसते उभे राहिले. मग माझी मलाच लाज वाटली. मी रुक्सानाला बुटांचं एक मोठं खोकं आणायला पाठवलं. दवाखान्यातला होता नव्हता तेवढा कापूस त्यात भरला आणि मधोमध विमान निजवलं. काकांनी ते खोकं दोन्ही हातांनी धरून नेलं. एसटीत मांडीवरून खाली ठेवलं नाही म्हणे, कंडक्टरनं सांगूनसुद्धा.

त्या वर्षी पुण्याला मी काही पाठवलं नाही.

आठवड्यानं काका आले, दुपारी नेहमीच्या वेळेला. स्टुलावर बसले. मी म्हटलं, "बोला."

"दारावर पाटी हुती. घंटी वाजवली. म्हाताऱ्यानं दार उघडलं, तेवडाच उंच. मी नाव सांगितलं. ते म्हनले, 'जोतिबा?'" काका स्टुलावर पुढं सरकले. "साहेब घरी पत्रं लिवायचे त्यात मी असायचो म्हणं. मेतकुटाचं बी लिवलेलं. त्येंनी मला हाताला धरून आत नेलं. आन म्हनले, 'आम्ही किती वर्षं वाट बघितली. त्याला शेवटचं बघितलेला माणूस कधीतरी येईल म्हणून.'"

"झाकणाचं सांगितलंत?"

"समदं सांगितलं. पयलं तेच. त्येंनी ऐकून घेतलं. इमान हातात घेतलं, ओरखडा बघितला. काय बोलले न्हाईत त्याच्यावर. मग इचारलं, शेवटचं काय बोलला तो? आता ह्ये मी तुमालाबी सांगितलेलं न्हाई."

"काय बोलले होते?"

"मी पट्टं आवळत हुतो. म्हनलं, साहेब, पोरगी झाली. ते इतके हसले बाई. माज्या टोपीवर टपली मारली. म्हनले, 'जोतिबा, नाव ठेवू नकोस कुणाला विचारून. एक झकास नाव आहे माझ्याकडे. उतरलो की सांगतो.'" काकांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. "मग मी शिडी काढली. घराकडं पत्र लिवलं, नाव ठेवू नका, थांबा. कशासाठी थांबा, ते सांगितलं न्हाई. अडीच म्हैने पोरगी बिननावाची. शेवटी माज्या आईनं कंटाळून छाया ठेवलं."

आणि काका हसायला लागले.

"मग काय सांगू! ते नवराबायको बसले की नावं शोधत. सुधन्वाच्या मनात कुठलं असंल? वहिनी म्हनल्या, भाऊजींना असली-तसली नावं सुचायचीच न्हाईत, घरच्या मांजरीला दमयंती म्हनायचे. विद्याधररावांनी कागद-पेन्सिल घेतली. जेवणं झाली, चहा झाला, नावं चालूच. मला म्हनले, 'मुलगी कुठं असते?' मी म्हनलं, कोल्हापुरात, नर्स हाय. म्हनले, 'लाव फोन.'"

"लावलात?"

"लावला. तिला वाटलं मला काय झालं का काय. त्येंनी फोन घेतला आन म्हनले, 'छाया, मी तुझा ठाण्याचा काका बोलतोय. तुझं एक नाव ठेवायचं राहिलंय. दिवाळीत ये. वडिलांना आणि आईला घेऊन.'"

रुक्सानानं चहा आणून ठेवला.

पुढच्या दिवाळीला तिघं ठाण्याला गेली, आणि त्यानंतरही काका होते तोवर दर वर्षी जात राहिली. छाया अजून जाते. नाव शेवटी कुठलं ठरलं, ते मी काकांना दोन-तीनदा विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

"घरातलं हाय," एवढंच म्हणाले.